सव्विसाव्या स्लाइडवरचं वाक्य

पहिल्या मीटिंगला मला बारा मिनिटं मिळाली होती आणि त्यातली नऊ मी ओटो-अकूस्टिक एमिशन (ओएई), आवाज दिल्यावर कानातून परत येणारा बारीक ध्वनी, म्हणजे काय हे सांगण्यात घालवली. नमनालाच घडाभर तेल. दहाव्या मिनिटाला रुग्णालयाच्या प्रशासक मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘पण तुम्हाला नेमकं हवंय काय?’’ मला हवं होतं ते एका ओळीचं होतं: इथे जन्मलेल्या प्रत्येक बाळाची, घरी जायच्या आधी, श्रवणचाचणी व्हावी. ती ओळ माझ्या सव्विसाव्या स्लाइडवर होती. तिथवर आम्ही पोचलोच नाही.

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, आहे. ऐकणं-बोलणं हेच माझं काम, आणि समोरच्याला कळेल असं मलाच बोलता आलं नाही, हे पुढे बरेच दिवस खुपत राहिलं.

हे सगळं डोक्यात घेतलं ते ओपीडीतल्या मुलांमुळे. दोन-अडीच वर्षांचं मूल येतं, तक्रार एकच, ‘बोलत नाही’. ऐकू येतं का विचारलं की घरचे ठामपणे सांगतात, ‘‘येतं तर! दार आपटलं की लगेच वळून बघतो.’’ आणि तो खरंच बघतो. दाराचा आवाज मोठा असतो, खालच्या पट्टीतला असतो, शिवाय हादरा जमिनीतून पायाला कळतो. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे वरच्या पट्टीतले बारीक आवाज मात्र त्याच्यापर्यंत कधी पोचलेलेच नसतात. दर हजार बाळांमागे साधारण एक ते तीन बाळांना जन्मतःच कायमचा श्रवणदोष असतो आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांमध्ये आधीपासून धोक्याचं कोणतंही लक्षण नसतं. त्यामुळे ‘आमच्या घरात कुणालाच असं नाही’ या दिलाशाचा उपयोग नाही. आमच्या क्षेत्रात १-३-६ असा साधा हिशोब पाठ असतो: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. माझ्यासमोरचं मूल तिसाव्या महिन्यात आलेलं असायचं.

मीटिंग फसल्यावर दुसरा प्रस्ताव लिहायला बसले, तेव्हा वेगळाच उजेड पडला. माझं स्वतःचं शिक्षण शिळं झालं होतं. नोंदणी टिकवायची तर प्रशिक्षणाचे ठरावीक तास भरावे लागतात आणि मी ते भरतही होते. कसे, तर ज्याची वेळ सोयीची तो वेबिनार, कॅमेरा बंद, शेजारच्या खिडकीत रिपोर्ट टाइप करणं चालू. या वेळी पहिल्यांदा गरज बघून कोर्स निवडला, तान्ह्या बाळांच्या तपासणीचा. पहिल्याच दिवशी उघडी पडले. सहा महिन्यांखालच्या बाळाची टिम्पॅनोमेट्री, म्हणजे कानाच्या पडद्याच्या हालचालीची तपासणी, १००० हर्ट्झच्या टोनवर करायची असते. मोठ्यांसाठीचा २२६ हर्ट्झचा टोन तिथे फसवतो, कारण बाळाच्या कानाची नळी अजून मऊ असते आणि पडद्यामागे पाणी असलं तरी आलेख छान डोंगरासारखा येऊ शकतो. हे मी कधीतरी परीक्षेसाठी वाचलं होतं. प्रत्यक्षात मशीन ज्या सेटिंगवर असेल त्यावर तपासून मोकळी होत होते.

दुसऱ्या दिवशी निदान सांगण्याचा सराव होता. जोड्या लावल्या, एक आई, एक तज्ज्ञ. माझ्या वाट्याला आलेली ‘आई’ स्पीच थेरपिस्ट होती, आता ती माझी मैत्रीण आहे. मी सुरुवात केली, ‘‘बाळाला दोन्ही कानांत कायमचा श्रवणदोष आहे...’’ तिने मान खाली घातली. ती शांतता मला सोसेना. मी श्रवणयंत्रांचे प्रकार सांगितले, इअरमोल्ड (यंत्राचा कानात बसणारा साचा) किती वेळा बदलावा लागतो ते सांगितलं, कॉक्लिअर इम्प्लांटवरही (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं यंत्र) जाऊन आले. प्रशिक्षिकेने थांबवून तिला विचारलं, ‘‘तू शेवटचं काय ऐकलंस?’’ ती म्हणाली, ‘‘कायमचा.’’

पुढचं सगळं मी भिंतीला सांगत होते. मग तोच प्रसंग पुन्हा: एक वाक्य बोलायचं आणि थांबायचं, समोरून प्रश्न येईपर्यंत, निदान दहा सेकंद. दहा सेकंद किती लांब असतात हे एकदा करून बघाच. सहाव्या सेकंदाला माझे ओठ आपोआप उघडत होते.

त्या कोर्समध्येच अमेरिकन ऑडिओलॉजिस्ट मॅरियन डाउन्स वाचनातून नव्याने भेटल्या. त्यांनी १९६३ च्या सुमारास डेन्व्हरमध्ये नवजात बाळांची श्रवणचाचणी सुरू केली तेव्हा साधन काय होतं, तर एक आवाज करायचा आणि बाळ दचकतं का, पापणी हलते का ते बघायचं. आज आपण जे ओएई मशीन वापरतो त्याच्या मुळाशी असलेला कानातून परत येणारा ध्वनी ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड केम्प यांनी जगापुढे मांडला तो १९७८ मध्ये. आणि सगळ्याच बाळांची चाचणी करावी अशी शिफारस अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या तज्ज्ञ मंडळाने केली १९९३ मध्ये. तीस वर्षं! मी एका मीटिंगनंतर तोंड पाडून बसले होते.

दुसऱ्या मीटिंगआधी मी प्रसूती वॉर्डात गेले. पहिल्या खेपेला हे सुचलंच नव्हतं. वरिष्ठ सिस्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘म्हणजे आमच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर.’’ बरोबरच होतं त्यांचं. पण मग त्याच सांगत गेल्या: सकाळी डिस्चार्जची धावपळ असते, तेव्हा फिरकू नका, दुपारी बाळं दूध पिऊन झोपतात, तेव्हा या, कोपऱ्यातली खोली घ्या, तिथे फोन वाजत नाही. हे सगळं मी त्यांच्याच शब्दांत प्रस्तावात घातलं. स्पीच थेरपिस्ट मैत्रिणीने मसुदा वाचून एकच प्रश्न टाकला, ‘‘दोष सापडलेल्या बाळाला थेरपी कोण देणार आणि कुठल्या वेळेत?’’ मी ते लिहिलंच नव्हतं. निदानावरच थांबायची आम्हा ऑडिओलॉजिस्टांची जुनी खोड.

या वेळी एकच पान नेलं. मागणी पहिल्या ओळीत. मग वरच्या पट्टीतले आवाज कापलेलं एक साधं वाक्य मोबाइलवर वाजवलं. मॅडम म्हणाल्या, ‘‘कुणीतरी बोलतंय हे कळतंय, पण काय ते नाही कळत.’’ मी म्हटलं, ‘‘हेच.’’ आणि गप्प बसले. मनात आकडे मोजत. त्यांचा पुढचा प्रश्न आला, ‘‘एका बाळाला किती वेळ लागतो?’’ चाचण्या करून बघायला मागितले होते तीन महिने. मिळाला एक महिना आणि एक वॉर्ड.

पहिल्या आठवड्यात ‘रेफर’चा, म्हणजे ‘प्रतिसाद मिळाला नाही, पुन्हा तपासा’ या निकालाचा, नुसता पाऊस. घाईघाईत आम्ही जन्माच्याच दिवशी चाचणी करत होतो आणि तेव्हा बाळाच्या कानात द्रव आणि पांढरा चिकट थर असतो. चोवीस तास उलटल्यावर करायला लागलो तसा आकडा बराच खाली आला.

खरा घोळ पुढे होता. रेफर झालेली बाळं परत येईनात. एकदा पडद्याआडून आमच्याच सहकाऱ्याचं बोलणं कानावर आलं: ‘‘एक कान फेल आहे, पण काळजी करू नका, बहुतेक काही नसेल.’’ पहिल्या अर्ध्याने आई हादरते, दुसऱ्या अर्ध्याने परत यायचं कारणच उरत नाही. आम्ही बसून वाक्य बदललं: ‘‘आज या कानाचा प्रतिसाद मशीनला मिळाला नाही. कारण साधंही असू शकतं, पण खात्री केल्याशिवाय आम्ही सोडत नाही.’’ आणि पुढची तारीख तोंडी न सांगता डिस्चार्जच्या कागदावर, सिस्टरांच्या अक्षरात. तेव्हापासून येणारे वाढले. सगळे अजूनही येत नाहीत. त्यांना फोन करणं हे माझं रोजचं चार वाजताचं काम झालंय.

एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, बाकी आहे. ओएई फक्त आतल्या कानातल्या बाह्य केसपेशींचं सांगते. दोष पुढे मज्जातंतूत असेल तर बाळ बिनदिक्कत ‘पास’ होतं. तिथल्या बाळांना ऑटोमेटेड एबीआर (आवाजाला मज्जातंतू आणि मेंदू देतात तो प्रतिसाद मोजणारी चाचणी) लागते, म्हणजे वेगळं मशीन, म्हणजे नवी मागणी. दरम्यान मी आमच्या व्यावसायिक संघटनेच्या समितीतही शिरले. तिथलं काम फार चमकदार नाही, बहुतेक पत्रांचे मसुदे आणि कुठल्या कामाची जबाबदारी कुणाची यावर वाद. पण वॉर्डात आम्हाला ‘मशीनवाल्या मॅडम’ म्हणतात ते तिथूनच बदलेल असं मला वाटतं.

तासांच्या फॉर्मवर शेवटी एक रकाना असतो, ‘या प्रशिक्षणामुळे कामात काय बदल झाला?’ जागा दोन ओळींची. मी लिहिलं: १००० हर्ट्झ. दहा सेकंद.

एबीआरची मीटिंग येत्या गुरुवारी आहे. वीस मिनिटं दिली आहेत. सोबत मैत्रीण आणि सिस्टर येणार आहेत, आणि स्लाइड एकही नाही.