तुम्ही विचारलंत म्हणून: टर्बोच्या गाडीला एअर फिल्टर कशाला?

प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: टर्बो स्वतःच हवा ओढून, दाबून इंजिनात घालतो, मग त्याच्या तोंडाशी फिल्टरचा अडसर कशाला? काढून टाकला तर पिकअप वाढेल का? विचारणारे जास्त करून डिझेल गाडीवाले असतात, आणि कुणीतरी मिस्त्रीनं ‘काढून बघा, गाडी मोकळी होते’ असं सांगितलेलं असतं.

गाडी मोकळी होत नाही. टर्बोनं किती दाब तयार करायचा हे ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, ठरवतो. सेन्सर दाब मोजतो आणि ईसीयू वेस्टगेट (जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) किंवा टर्बोच्या आतल्या पात्या हलवून दाब ठरलेल्या आकड्यावर आणतो. फिल्टरनं थोडी हवा अडवली तर टर्बो किंचित जास्त फिरून तेवढाच दाब देतो. फिल्टर काढला तर किंचित कमी फिरतो, एवढाच फरक. दाब जवळपास तोच, डिझेल तेवढंच, ताकदही तेवढीच. वाढते ती शिट्टी, आणि आवाज वाढला की गाडी पळतेय असं वाटतं. उलट हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर धूळ बसली की मोजमाप चुकतं आणि आहे तो पिकअपही जातो.

आता धुळीचा हिशोब. एक लिटर डिझेल जाळायला किमान दहा हजार लिटर हवा लागते, डिझेल इंजिन प्रत्यक्षात त्याहून जास्त ओढतं. आपल्याकडे तूर-हरभऱ्याची मळणी सुरू झाली, काळ्या मातीचे पांदण रस्ते वाळून फुफाटा झाला, की त्या हवेत काय असतं ते डॅशबोर्डवर बोट फिरवून बघा. टर्बोचं हवा ओढणारं चाक ॲल्युमिनियमचं. छोट्या गाड्यांत ते मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातं, आणि चाक नि त्याभोवतीचं घर यांतली फट मिलिमीटरपेक्षाही कमी. त्या वेगात कण आदळले की पात्यांची धार झिजते. तोल बिघडला की बेअरिंग जातं. तरी टर्बो एक वेळ बदलता येतो. त्यातून पुढं गेलेली बारीक धूळ पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची आतली भिंत (बोअर) घासते, ऑइलमध्ये मिसळून बाकीची बेअरिंगं खाते. फिल्टर काही शे रुपयांचा, टर्बो पाच आकडी, आणि इंजिन खोललं तर विचारूच नका. ड्रॅग रेसच्या काही गाड्या फिल्टरशिवाय पळतात हे खरं, पण ती इंजिनं सारखी खोलली जातात.

तरी फिल्टर काढून फिरणारे थोडेच. खरं नुकसान करतात ते दर आठवड्याला फिल्टर काढून कॉम्प्रेसरनं हवा मारणारे. नवा कागद जेवढी धूळ अडवतो त्याहून थोडी धूळ बसलेला कागद जास्त अडवतो. जोरात हवा मारली की कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात आणि ‘साफ’ फिल्टर चाळणी होतो. मारायचीच तर 30 पौंडांच्या आत, वीतभर अंतरावरून, इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या बाजूकडे. मग टॉर्च मागं धरून बघायचा. कुठं टिपक्याएवढा लख्ख उजेड आला तर तो फिल्टर गेला. कागदी फिल्टर पाण्यानं धुवायचा नाही. तेल लावलेले सुती फिल्टरही मी सुचवत नाही, जास्तीचं तेल सेन्सरवर बसतं.

आपल्या भागात पाच हजार किलोमीटरला तपासणी आणि पंधरा-वीस हजाराला बदल, असं धरा. बहुतेक वेळ समृद्धीवर असाल तर गाडीच्या पुस्तकातला आकडा चालेल. पण पूर्ण चोंदेपर्यंतही थांबू नका. हवा कोंडली की टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढते, सीलमधून ऑइल ओढलं जातं आणि चढाला काळा धूर निघतो.

बदलताना इंजिन बंद आणि थंड हवं. क्लिपा काढा, फिल्टर उचला, आणि आधी टर्बोकडे जाणाऱ्या पाइपचं तोंड फडक्यानं झाका. बॉक्सचा तळ ओल्या कापडानं पुसा. हवा मारू नका, ती धूळ थेट पाइपात जाते. खेड्यात उभ्या गाडीत उंदरांनी भरलेली शेंगांची टरफलंही इथंच सापडतात. नव्या फिल्टरची रबरी कड खाचेत चारी बाजूंनी बसली का ते बोटानं चाचपा. स्वस्त नकली फिल्टर नेमका इथं फसवतो, कागद बरा दिसतो पण कड सैल असते. सगळ्या क्लिपा लावा, पाइपचा क्लॅम्प आवळा. आणि ते फडकं काढलंत ना, हे क्लिपा लावायच्या आधी बघा, चालू टर्बोनं ते ओढलं तर चाकासकट सगळं गेलं.

पुढच्या तपासणीला फिल्टरनंतरच्या पाइपात आतून पांढरं कापड फिरवा. मातकट डाग आला तर धूळ फिल्टरला वळसा घालून आत जातेय: कड, क्लिप किंवा पाइपची चीर शोधा. तेलाचा पातळ थर मात्र चालतो, तो क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ऑइलच्या भागातून, येणाऱ्या वाफेचा असतो. इंजिन बंद असताना पाइप सोडवून चाक हातानं फिरवून बघा. आजूबाजूला किंचित हललं तर ठीक. आत-बाहेर सरकलं किंवा घराला घासलं, तर टर्बोवाल्याकडे न्यायची वेळ आली.