सोसायटीच्या पार्किंगमध्ये ईव्ही चार्जर बसवताना

सोसायटीकडे अर्ज देण्याआधी टेप घेऊन मीटर रूमपासून पार्किंगपर्यंतचं अंतर मोजा. केबल कुठून नेणार, हाच कमिटीचा पहिला प्रश्न असतो. आमच्याकडे वळणांसकट 40 मीटर भरलं. 7.4 किलोवॉटचा चार्जर 230 व्होल्टवर 32 अँपिअर ओढतो, तेही तासन्‌तास. इलेक्ट्रिशियन 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल सुचवत होता. तिला करंट झेपतो, पण एवढ्या अंतरात साधारण 9 व्होल्टचा ड्रॉप येतो, म्हणजे चार्जरपाशी व्होल्टेज तेवढं कमी पोचतं. 10 ची टाकली की तो साडेपाचवर येतो. इथे पैसे वाचवू नका.

केंद्राच्या नियमांनुसार घरच्याच कनेक्शनवर गाडी चार्ज करता येते. फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीनंतर ईव्हीसाठी वेगळं कनेक्शनही मागता येतं. मी तेच घेतलं, कारण एसी, गिझर आणि चार्जर घरच्या सिंगल फेजवर एकत्र चालले नसते. महावितरणकडे ए-1 फॉर्म, सोसायटीचं ना हरकत पत्र आणि परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट दिला, कोटेशन भरलं, मीटर लागलं.

खरी काळजी त्यापुढची. चार्जरला स्वतंत्र सर्किट हवं: 40 अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की सर्किट तोडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की सर्किट तोडणारा स्विच), तोही किमान टाइप ए. दुकानदार बहुतेक वेळा टाइप एसी, म्हणजे फक्त एसी करंटची गळती ओळखणारा, काढून देतो, खोक्यावरची खूण बघूनच घ्या. टाइप ए सुद्धा सरळ डीसी गळती 6 मिलिअँपिअरच्या वर गेली की भरवशाचा राहत नाही. म्हणून चार्जरमध्येच 6 मिलिअँपिअरचं डीसी डिटेक्शन आहे का ते माहितीपत्रकात तपासा. नसेल तर सरळ डीसी गळतीही ओळखणारा टाइप बी लावा, महाग पडला तरी. सॉकेट जमिनीपासून किमान 800 मिलिमीटर वर हवं. एक्स्टेन्शन बोर्ड लावून चार्जिंग करायला मनाई आहे.

सगळं जोडून गाडी लावली, तर चार्जरवर अर्थ फॉल्टचा लाल दिवा. मल्टिमीटर लावला, न्यूट्रल आणि अर्थमध्ये 14 व्होल्ट. चार्जर ठीकच होता, अर्थिंग बिघडलं होतं. मीटर रूममधल्या अर्थिंगच्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पट्टीचा बोल्ट गंजून पापुद्रे सुटले होते, वॉशर हाताने फिरत होता. जोड पॉलिश पेपरने घासून नवा बोल्ट आवळला आणि चार्जरसाठी पार्किंगलगत वेगळा अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) घेतला. आता मल्टिमीटरवर 2 व्होल्टच्या आतच दिसतं.