शाळेच्या बजेटमधील एक ओळ आणि तिचा पाठपुरावा : माझा अनुभव

न्यू जर्सीत स्वतःचे घर असलेल्या मराठी माणसाला आपल्या प्रॉपर्टी टॅक्सचा आकडा तोंडपाठ असतो. पण त्या कराचा, राज्याच्या सरासरीने, अर्ध्याहून थोडा अधिक हिस्सा ज्या स्कूल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे गावच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे, जातो, तिथे तो कोणाच्या संमतीने आणि कशावर खर्च होतो, असे विचारले तर नेमके उत्तर क्वचितच मिळते. आमच्या गावात शाळेचा पट काही वर्षे घटत होता आणि बजेट मात्र वाढत होते. वाढीचा मोठा भाग ‘ट्यूशन’ या एकाच ओळीत आहे, हे डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावरील ‘यूझर-फ्रेंडली बजेट’, म्हणजे बजेटचा सोपा सारांश, चाळताच दिसले. त्या ओळीमागचे कागद मिळवताना झालेला मनस्ताप अजून पुरता ओसरलेला नाही, आणि हा लेख त्यातूनच आला आहे. डिस्ट्रिक्टचे नाव मुद्दाम देत नाही.

सरकारी शाळा मोफत असताना ट्यूशन कसली, हा प्रश्न स्वाभाविक आहे. आमचे डिस्ट्रिक्ट आठवीपर्यंतचे आहे. नववीपासून मुले शेजारच्या डिस्ट्रिक्टच्या हायस्कुलात जातात आणि त्यांच्यामागे आमचे डिस्ट्रिक्ट त्या डिस्ट्रिक्टला दरडोई रक्कम देते. पालक म्हणून आपल्याला काहीच भरावे लागत नाही. करदाते म्हणून मात्र आपणच भरतो. न्यू जर्सीत सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत आणि त्यांतली कित्येक अशीच, एका-दोन शाळांची आणि हायस्कुलासाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेली आहेत.

कारभार निवडून आलेले बोर्ड पाहते. सदस्यांची मुदत तीन वर्षांची असते, त्यांना मानधन नसते, आणि लहान गावात उमेदवार मिळणेच इतके कठीण असते की कधीकधी मतपत्रिकेवर हाताने नाव लिहून दिलेल्या थोड्याशा मतांवर माणूस निवडून येतो. रोजचा कारभार सुपरिंटेंडंट (डिस्ट्रिक्टचे प्रमुख अधिकारी) आणि बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटर (पैशांचे व्यवहार पाहणारे अधिकारी) यांच्याकडे असतो. लहान डिस्ट्रिक्टमध्ये यातील दुसरी व्यक्ती पुष्कळदा शेजारच्या डिस्ट्रिक्टशी वाटून घेतलेली असते आणि बोर्डाचे सचिवपद व सरकारी कागदपत्रांच्या कस्टोडियनचे, म्हणजे मागणाऱ्याला ती देणाऱ्या अधिकाऱ्याचे, पदही तिच्याकडेच असते. हे लक्षात ठेवावे, कारण माझे सगळे तिथेच अडले.

पैशांचे गणित २००८ च्या स्कूल फंडिंग रिफॉर्म ॲक्टप्रमाणे चालते. डिस्ट्रिक्टला किती खर्च पुरेसा आहे हे राज्य ठरवते, मालमत्तेचे मूल्य आणि रहिवाशांचे उत्पन्न पाहून गावाचा वाटा काढते आणि उरलेले अनुदान म्हणून देते. घरांच्या किमती चढलेल्या आमच्यासारख्या गावाच्या वाट्याला विशेष शिक्षण, वाहतूक आणि सुरक्षा यांसाठीची मदत येते. बाकी भार घरमालकांवर पडतो. कराच्या वाढीवर २०११-१२ पासून, काही अपवाद वगळता, २ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ज्या डिस्ट्रिक्टांनी बोर्डाची निवडणूक नोव्हेंबरात नेली आहे, तिथे या मर्यादेत बसणारे बजेट २०१२ पासून मतदानालाच येत नाही. मी ग्रीन कार्डवर असल्याने मला तसेही मत नाही. पण कागद मागण्याचा आणि सभेत बोलण्याचा हक्क मतदारयादीवर अवलंबून नाही, हे माझ्यासारख्यांनी अवश्य ध्यानात घ्यावे.

आता अडलेल्या गोष्टीकडे येतो. ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट, म्हणजे न्यू जर्सीचा माहिती अधिकाराचा कायदा, ज्याला सगळे ओप्रा म्हणतात, २००२ पासून लागू आहे. अर्जाचा नमुना डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर असतो, कस्टोडियनने कामकाजाच्या ७ दिवसांत उत्तर द्यायचे असते, आणि बजेट, बिले, करार व पगार यांचे कागद सर्वसाधारणपणे तत्काळ दाखवायचे असतात. माझ्या पहिल्या अर्जात मी ट्यूशनचा खर्च का वाढला याची माहिती आणि त्याविषयीची कागदपत्रे मागितली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी उत्तर आले की अर्जात विशिष्ट अभिलेखाचे नाव नाही आणि संशोधन करून देणे कस्टोडियनला बंधनकारक नाही.

कायद्याने हे उत्तर बरोबर आहे; येथील अपील न्यायालयाने २००५ मध्येच तसे म्हणून ठेवले आहे. भारतातील माहिती अधिकारातही ‘का’ या प्रश्नाचे उत्तर मागता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये सांगितले होते. फरक इतकाच की भारताच्या २००५ च्या कायद्यात माहिती अधिकाऱ्याने अर्जदाराला वाजवी साहाय्य करावे, असे स्पष्ट लिहिले आहे. मला जे उत्तर आले, त्यात साहाय्याची एक ओळही नव्हती. ज्या व्यक्तीने बजेट स्वतः तयार केले, तिला त्या वाढीमागचा कागद कोणता हे ठाऊक असणारच. पण तो अर्जदाराने ओळखून दाखवावा, मग पाहू, असा एकंदर पवित्रा होता.

दुसऱ्या अर्जात मी हायस्कूल डिस्ट्रिक्टबरोबरचा ट्यूशन-करार मागितला. करार हा तत्काळ दाखवायच्या यादीतला कागद, तरी कार्यालयाने मुदतवाढ घेतली. शेवटी जो करार हाती आला, त्यात त्या वर्षीचा अंदाजी दर तेवढा होता आणि प्रत्यक्ष खर्चानुसार फरक नंतर वळता केला जाईल, असे एक वाक्य होते. माझा सगळा शोध त्या वाक्यापाशी येऊन ठेपला, म्हणून तिसऱ्या अर्जात तो फरक दाखवणारा कागद मागितला. त्यावर असा अभिलेख आमच्याकडे नाही, असे उत्तर मिळाले.

मग मी प्रत्यक्ष कार्यालयात गेलो. ओप्रामध्ये लहान संस्थांसाठी सवलत आहे: डिस्ट्रिक्टचा पट ५०० किंवा त्याहून कमी असेल, तर कागद पाहण्यासाठी आठवड्यातून किमान तीन दिवसांत मिळून सहा तास कार्यालय उपलब्ध ठेवले तरी चालते. ती वेळ पाहूनच मी गेलो होतो, तरी समोरच्या बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितले की बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटर आज दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये आहेत. फोन केला की व्हॉइसमेल लागे. त्या व्यक्तीच्या अंगावर दोन डिस्ट्रिक्टांचे हिशेब, बसचे करार आणि छताच्या दुरुस्तीच्या निविदा असणार, हे मला कळत होते. तरीही ज्या खर्चाचे स्पष्टीकरण एका परिच्छेदात झाले असते, त्यासाठी इतका पत्रव्यवहार का व्हावा, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता आणि आजही पडतो.

तक्रारीचा मार्ग आहे, पण मी तो धरला नाही. ओप्राच्या तक्रारी ऐकणाऱ्या राज्याच्या गव्हर्न्मेंट रेकॉर्ड्स कौन्सिलकडे तक्रार विनामूल्य करता येते, मात्र निर्णयाला फार वेळ लागतो. न्यायालयात नकारानंतर ४५ दिवसांत जावे लागते, आणि २०२४ च्या दुरुस्तीनंतर जिंकणाऱ्या अर्जदाराला वकिलाचा खर्च मिळेलच, अशी पूर्वीसारखी खात्री राहिलेली नाही.

कोंडी फुटली ती बोर्डाच्या मासिक सभेच्या कागदपत्रांतून. प्रत्येक सभेच्या विषयपत्रिकेला मंजुरीसाठी बिलांची यादी आणि सचिवांचा मासिक अहवाल जोडलेला असतो. ती पाने कंटाळवाणी असतात आणि बहुधा म्हणूनच कोणी उघडत नाही. त्यांत प्रत्येक खर्चासमोर खाते-क्रमांक असतो, आणि हे क्रमांक राज्यभर एकाच पद्धतीचे असतात. ११-०००-१००-५६१ हे राज्यातील दुसऱ्या डिस्ट्रिक्टला दिलेल्या नियमित ट्यूशनचे खाते, शेवटी ५६२ आले तर तेच विशेष शिक्षणासाठी, आणि ५६६ म्हणजे दिव्यांग मुलांच्या खासगी शाळांसाठी. चौथ्या अर्जात मी वाक्ये लिहिलीच नाहीत. ५६१ या खात्याची १ जुलै ते ३० जून या आर्थिक वर्षाची खातेवही आणि त्या खात्यावर मंजूर झालेली हायस्कूल डिस्ट्रिक्टची इन्व्हॉइसे, एवढेच मागितले. मुदतीच्या आत सगळे ईमेलने आले, तेही शुल्काविना. छापील प्रतींसाठी साध्या आकाराच्या पानाला ५ सेंट पडतात, म्हणून अर्जात ईमेलने द्या असे लिहावे.

त्या इन्व्हॉइसांत उत्तर होते. अंदाजी दराने आकारलेली ट्यूशन आणि राज्याने नंतर प्रमाणित केलेला प्रत्यक्ष खर्च यांतील फरक साधारण दोन वर्षांनंतरच्या बजेटवर येतो. दोन वर्षांपूर्वीचा असा फरक आमच्या अंगावर पडला होता, आणि त्याच वर्षी आठवीची एक मोठी तुकडी हायस्कुलात गेली होती. म्हणजे गावातल्या शाळेचा पट घटला आणि ट्यूशनची मुले वाढली, या एकाच घटनेच्या दोन बाजू होत्या. यात कोणताही घोटाळा नव्हता. हे उत्तर शोधून काढल्याचा अभिमान मात्र मला आहे, आणि तो लपवण्याचे कारण दिसत नाही.

५६६ या खात्याविषयी विचारले तेव्हा नावे आणि संख्या झाकून कागद आले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण एवढ्याशा गावात रक्कम आणि शाळा कळली की मूल कोणाचे, हे लगेच कळते. अशा एका मुलाच्या प्रवेशानेही लहान डिस्ट्रिक्टचे बजेट हलते. खासगी शाळेचा खर्च ५५,००० डॉलरच्या वर गेला तर वरच्या रकमेतील काही वाटा राज्य ‘एक्स्ट्राऑर्डिनरी एड’ म्हणून देते, पण तोही पुरता नसतो.

हे आधी यायला हवे होते, पण आता आठवले: वार्षिक लेखापरीक्षण अहवालाच्या शेवटच्या सांख्यिकी भागात दहा-दहा वर्षांचे आकडे एकत्र मिळतात, आणि हे अहवाल राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर अर्ज न करता वाचता येतात. ओप्राला हात घालण्यापूर्वी तेच वाचावेत.

शाळा कशी चालली आहे, हे पाहण्यासाठी राज्याचा ‘स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट’ आहे, पण लहान शाळेच्या बाबतीत तो जपून वाचावा लागतो. दहापेक्षा कमी मुलांच्या गटाचे निकाल झाकलेले असल्याने आमच्या अहवालात जागोजागी तारांकने दिसतात. वीस मुलांच्या वर्गात एका मुलाचा निकाल बदलला तरी टक्केवारी पाचने हलते, त्यामुळे एका वर्षाच्या घसरणीवरून शिक्षकांना धारेवर धरणे मला अन्यायाचे वाटते. मी तीन-चार वर्षांचे आकडे आणि दीर्घकाळ गैरहजर राहणाऱ्या मुलांचे प्रमाण पाहतो. शिवाय ज्या हायस्कुलावर आमचा एवढा पैसा जातो, तिथे आमची मुले कशी शिकतात, हे आमच्या शाळेच्या अहवालात येतच नाही. आपली मुले ज्या इयत्तांत जातात, त्या इयत्तांच्या तिथल्या पटात ती किमान १० टक्के असतील, तर तिथल्या बोर्डावर आपला एक प्रतिनिधी बसतो आणि ट्यूशनसारख्या ठरावीक विषयांवर त्याला मतही असते. आपला प्रतिनिधी कोण, हे आपल्या बोर्डाला विचारावे. मी विचारले तेव्हा सभेत बराच वेळ कागद चाळण्याचा आवाज ऐकू येत होता.

सभेत नागरिकांना बोलू देणे बोर्डाला कायद्याने बंधनकारक आहे, उत्तर देणे नाही. मिळालेल्या तीन मिनिटांत मी एवढेच विचारले की असा फरक येणार हे माहीत असताना त्यासाठी कायद्याने ठेवता येणारा ट्यूशन रिझर्व्ह, म्हणजे राखीव निधी, आपण का ठेवत नाही. अध्यक्षांनी आभार मानले आणि पुढचे नाव पुकारले. पुढच्या बजेटच्या सादरीकरणात ट्यूशनच्या ओळीची फोड एका स्लाइडवर आली, पण रिझर्व्हसमोरचा आकडा शून्यच होता. तो प्रश्न मी आता मार्चच्या सभेत, प्राथमिक बजेट मांडले जाईल तेव्हा, पुन्हा विचारणार आहे. एप्रिलअखेरच्या किंवा मेच्या सुरुवातीच्या जाहीर सुनावणीपर्यंत थांबलो, तर राज्याच्या वतीने बजेट तपासणाऱ्या काउंटी सुपरिंटेंडंटकडून तपासून आलेल्या आकड्यांत फारसे काही बदलत नाही.