पायलीवरून भांडणारं गाव

एरवी वर्षभर आमच्या संग्रहालयात कुणी फिरकायचं नाही. जुन्या शाळेच्या मागच्या तीन खोल्या, दारात लिंबाचं झाड, दाराला कुलूप आणि कुलपाची किल्ली समोरच्या पिठाच्या गिरणीत. कुणाला बघायचंच असलं तर गिरणीतून किल्ली मागून आणायची आणि पीठ झटकून कुलपाला लावायची. पाहुण्यारावळ्यांना दाखवायला म्हणून कुणी जायचं, तेवढंच. पण १७ सप्टेंबर, ३० सप्टेंबर आणि नोव्हेंबरातली तेरची सहल, या तीन वेळी अख्खं गाव त्या खोल्यांवर हक्क सांगायला यायचं.

गाव आमचं लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या शिवेवरचं. संग्रहालय काढलं ते इतिहास शिकवणाऱ्या गुरुजींनी. ते एकदा तेरला गेले होते. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेरणेच्या काठी आणि जुन्या पांढरीच्या टेकाडांवर सापडणारे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, खापरं वर्षानुवर्षं गोळा केली आणि त्यातून तिथलं संग्रहालय उभं राहिलं, हे पाहून आले आणि त्यांना झोप लागेना. एका माणसाला जमतं ते आख्ख्या शाळेला का जमू नये, असा त्यांचा साधा हिशेब. दुसऱ्याच दिवशी वर्गात फर्मान निघालं: प्रत्येकाने घरातली एक जुनी, वापरात नसलेली वस्तू आणायची. आम्ही ‘जुनी’ तेवढं ऐकलं. आठवडाभर आयांची रांग शाळेच्या दारात. “गुरुजी, आमच्या लेकरानं चालू रवी आणून दिलीय तुमाला. ताक कशानं करू?”

यातूनच गुरुजींना ती युक्ती सुचली असावी, जिच्यावर पुढे सगळं तरलं. वस्तू दान घ्यायची नाही, ठेव म्हणून घ्यायची. एक जाड वही केली. वस्तू, घर, कुणी आणली, कधी आणली. मालकी घराचीच. लग्नकार्याला लागली तर सही करून न्यायची आणि कार्य उरकलं की धुऊनपुसून आणून ठेवायची. त्यामुळे लग्नसराईत आमच्या संग्रहालयातलं तांब्याचं गंगाळ, मोठी समई, पितळी घागरी हमखास गायब असत. एकदा तालुक्याहून कोणी साहेब बघायला आले तर मधल्या खोलीत नुसत्या चिठ्ठ्या. वस्तू वरातीत होत्या. साहेबांना ते काही पटलं नाही. मला आजही वाटतं की वस्तू अशा घरी जाऊन यायच्या, म्हणूनच लोक त्यांना विसरले नाहीत.

१७ सप्टेंबरला सकाळी झेंडावंदन. बाहेरच्यांना हा दिवस समजावून सांगावा लागतो. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण आम्ही निजामाच्या राज्यात. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने आत शिरल्या आणि १७ तारखेला हैदराबादने शस्त्रं खाली ठेवली. जुनी माणसं याला ‘पोलीस ॲक्शन’च म्हणायची. झेंडावंदन झालं की प्रभातफेरी फिरत फिरत संग्रहालयापाशी येऊन विसर्जित व्हायची, कारण तिथे मोठ्या पातेल्यात मुरमुऱ्याचा सुशीला तयार असायचा. दाण्याचं कूट सढळ, वर लिंबू. संग्रहालय मंडळाच्या कार्यक्रमाला गर्दी कशामुळे व्हायची यावर मतभेद आहेत. माझं मत सुशीलाच्या बाजूने.

मग ‘ओळखा पाहू’. बाहेर अंगणात जाजम टाकून वस्तू मांडायच्या आणि लेकरांनी नावं सांगायची. मोटेचा नाडा, तिफणीचं चाडं, अडकित्ता, लामणदिवा, पोहरा. सुरुवातीला लेकरं सांगायची, मोठी माणसं टाळ्या वाजवायची. मापांपाशी आलं की लेकरं बाजूला आणि मोठ्यांचाच खेळ सुरू. चार शेरांची पायली, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी, चिपट्याची दोन कोळवी, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पण आमच्याकडे तीन गावांच्या तीन पायल्या होत्या आणि तिन्ही सारख्या भरत नव्हत्या. गुरुजी गिरणीतून ज्वारी मागवायचे, पायली शिगेला भरायची, काटा आणून वजन करायचं. फरक निघायचाच. मग सुरू.

“आमची पायली खरी. तुमच्या गावात सावकारानं बूड आतून बडवून घेतलंय.”

“बडवलंय तुमच्या आज्यानं. घ्यायची पायली एक आन् द्यायची दुसरी, ही रीत कुनाकडची?”

एक आप्पा दरवर्षी तणतणत निघून जायचे आणि लिंबाखाली जाऊन बसायचे. दुसऱ्या वर्षी पुन्हा पहिल्या रांगेत. हा वाद मिटावा असं कुणालाच वाटत नसे, गुरुजींना तर मुळीच नाही. वजनमापांच्या इतिहासावर त्यांनी तासभर व्याख्यान दिलं असतं तर आम्ही झोपलो असतो. सावकारी, सालगडी, खळ्यावरची वाटणी, बलुतेदारांचं घुगरीचं माप हे सगळं त्या भांडणातून आमच्या कानावर पडलं.

नाण्यांचं टेबल मात्र गुरुजी स्वतः सांभाळत. चारमिनारचं चित्र असलेला हाली शिक्क्याचा रुपया ते तळहातावर ठेवून फिरवायचे. निजामाच्या राज्याचं नाणं वेगळं होतं, इंग्रजी सहा रुपयांना साधारण सात हाली रुपये पडत, त्यामुळे बार्शी-सोलापूरच्या बाजाराला जाणाऱ्याला आधी बदलाबदलीचा हिशेब करावा लागे. राज्याची शीव म्हणजे काय, ते आम्हाला त्या रुपयाने समजलं.

त्यापलीकडे कागद. आमच्या भागातली जुनी दप्तरं दोन लिप्यांतली. काही मोडीत, आणि निजामी अमलातली बरीचशी उर्दूत. घरोघरी ट्रंकेच्या तळाशी पिवळे कागद, आणि घरात कुणालाही ते वाचता येत नाहीत. उर्दू वाचायला चाचा बसायचे. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, टोपी, चष्म्याला दोरा, शेजारी पानाचा डबा. लोक कागद पुढे करायचे, “चाचा, एवढं वाचून द्या की.” चाचा आधी कागद नाकाशी न्यायचे, मग दूर धरायचे, मग म्हणायचे, “लिहिणाऱ्याचं अक्षर चांगलंय, पण तुमच्या बापानं त्यावर चहा सांडलाय.” कुणाची जमीन गहाण पडल्याचा कागद निघे, कुणाच्या विहिरीच्या वाट्याचा. कुणी एकदा मोठ्या भक्तिभावाने जरीच्या कापडात गुंडाळलेला कागद आणला होता, घराण्याची सनद म्हणून. ती वॉरंटाची नक्कल निघाली.

म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी शेवटी. रझाकारांच्या धाडी, रात्री शेतात लपलेली कुटुंबं, हद्दीपलीकडच्या कॅम्पांत गेलेले तरुण, स्वामी रामानंद तीर्थांचं नाव. हे बहुतेक दरवर्षी तेच असायचं आणि सांगणारेही तेच. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचाच वकील, हे सांगताना प्रत्येक जण आवाज खाली आणायचा, जणू तो अजून कोर्टातून परतायचा आहे. एका वर्षी गुरुजींनी चाचांना माईक दिला. चाचा उठले आणि पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत त्यांच्या मोहल्ल्यावर, त्यांच्या मामाच्या गावावर काय ओढवलं ते सांगितलं. त्या दिवसांचा तपास करायला पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मागे बसलेल्यांपैकी दोघे-तिघे उठून गेले. पायलीवाले आप्पा उठले नाहीत. त्यांनी चाचांना पाणी नेऊन दिलं आणि म्हणाले, “आमच्या आईनं तुमच्या घरची दोन लेकरं धान्याच्या बळदात लपवली होती. ते सांगायचं राहिलं तुमचं.” चाचा म्हणाले, “तेच सांगायलो होतो, तुम्ही घाई केली.” तेव्हापासून ती दोन्ही भाषणं एकामागोमाग ठेवायचा पायंडा पडला. काहींना तो खुपायचा. गुरुजींनी बदलला नाही.

३० सप्टेंबरला खाण्याचं काही नसायचं. १९९३ च्या किल्लारी भूकंपाचा तो दिवस. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि दहा हजारांच्या घरात माणसं गेली. आमचं गाव कडेला होतं, आमच्याकडे भिंती पडल्या, माणसं वाचली. पण लेकीबाळी त्या गावांत दिलेल्या होत्या. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत संग्रहालयाची तिसरी खोली भरली. लोकांचं पुनर्वसन झालं, नव्या घरांत उखळ, रांजण, जातं ठेवायला जागा नव्हती, ढिगाऱ्यातून काढलेले सागवानी खांब, कोरीव चौकटी, कड्या-कोयंडे लोकांनी आणून दिले. बाहेरून आलेले एक पत्रकार विचारत होते, ३.५६ ला बंद पडलेलं घड्याळ आहे का? नव्हतं. त्यांची जरा निराशा झाली.

आमच्याकडे होती ती भिंत. गावातल्या एका गवंड्याने अंगणात कमरेएवढ्या उंचीची बांधून दिलेली, मुद्दाम एका बाजूने उघडी ठेवलेली. आत बघता यायचं. दोन बाजूंना दगडांचे दोन थर आणि मध्ये माती आणि बारीक दगडांची भर. दरवर्षी ३० तारखेला हा गवंडी पोरांना गोळा करून समजावायचा. “बगा, ही एक भिंत न्हाई, दोन भिंती हायत. एकमेकींना धरून ठिवणारा आरपार दगुड कुठंय? न्हाई. हलली की एक आत पडती, एक भाईर.” मग माळवदाकडे वळायचा. लाकडाच्या खणावर माती, पावसात गळू नये म्हणून दर दोन-चार वर्षांनी पुन्हा मातीचा थर. आज्याने टाकला, बापाने टाकला, आपण टाकला. उन्हाळ्यात घर गार राहायचं ते याच्यामुळे आणि त्या पहाटे माणसं गाडली गेली तीही याच्याचखाली. त्याच्या बहिणीचं घर गेलं होतं. ते तो कधी बोलायचा नाही. भिंतीबद्दलच बोलायचा, आणि दरवर्षी शेवटी एक लांब दगड त्या उघड्या बाजूने आत सरकवून दाखवायचा. त्या पोरांतली कैक जण पुढे बांधकामाच्या धंद्यात गेली. आरपार दगडाचा नियम त्यांच्या अजून लक्षात आहे असं ती सांगतात. विश्वास ठेवायला हरकत नाही.

नोव्हेंबरात १९ ते २५ हा वारसा सप्ताह. त्यातला एक दिवस तेरची सहल, एसटी ठरवून. खरं तर ती तीर्थयात्राच, कारण आज्ज्या गोरोबाकाकांच्या समाधीसाठी यायच्या आणि आम्ही धपाट्यांच्या डब्यांसाठी. गुरुजींना ते चालायचं. दर्शन झालं की ते सगळ्यांना त्रिविक्रमाच्या देवळाकडे न्यायचे, विटांचं, मागच्या बाजूने गोलाकार. मुळात बौद्ध चैत्य असावं असं अभ्यासक म्हणतात, ते सांगताना गुरुजी आज्ज्यांकडे चोरून बघायचे. आज्ज्यांना काही वाटायचं नाही. “देव पहिल्यापासून असंल तर बुद्ध बी देवच की,” असं एकीने मिटवून टाकलं होतं.

मग संग्रहालय. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं नगर म्हणून तगरचं नाव येतं, ते हेच तेर. इथून कापड गाड्यांवर लादून आडवाटेने भडोचला जायचं आणि तिथून जहाजांवर. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती बघायला आम्ही एकमेकांच्या खांद्यावरून वाकायचो. तशाच घडणीची मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली आहे, आणि पॉम्पेई गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये. गुरुजी हे सांगायचे आणि गप्प व्हायचे. माझ्या मैत्रिणीची आई मूर्तीच्या अंगावरचे दागिने न्याहाळत म्हणाली होती, “एवढ्या लांब सोनं घालून कोन धाडतंय बाईला!” परतीच्या गाडीत याच विषयावर तासभर चर्चा.

गुरुजी गेले. आता संग्रहालयाला काचेची कपाटं आली, ट्यूबलाइट आली, छापील पाट्या आल्या. वस्तू न हाताळण्याची सूचना तीन ठिकाणी. मंडळातल्या तरुणांनी राबून केलंय, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण ठेवीची वही बंद केली ते मला आवडलं नाही. गंगाळ आता वरातीला जात नाही, त्याचं घर दुसऱ्याचं भाड्याने आणतं. पायल्याही कपाटात गेल्या, तेव्हा मी बैठकीत भांडून त्या १७ सप्टेंबरपुरत्या बाहेर काढायची परवानगी मिळवली.

गर्दी मात्र भलत्याच बाजूने परत आली. २०२३ पासून मराठवाड्यात मराठा आरक्षणासाठी निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि ट्रंका पुन्हा उघडल्या. चाचा आता नाहीत. त्यांची नात कॉलेजात शिकते, रविवारी सकाळी तिच्यापुढे लोक कागद घेऊन बसतात. मोडी वाचणाराही एक मुलगा तयार झालाय. हवी ती नोंद फार थोड्यांना सापडते. मागच्या महिन्यात शेजारच्या वाडीचे एक मामा मोठ्या आशेने आले होते. तिने कागद नाकाशी नेला, मग दूर धरला.

“मामा, हा बैलजोडीच्या उधारीचा आहे.”

“कुनाच्या उधारीचा?”

“तुमच्या आजोबांच्या. सही आहे त्यांची.”

“मंग फेडली का न्हाई?”

“ते ह्या कागदात नाही. दुसरा असंल तर आणा पुढच्या रविवारी.”

मामांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवला आणि विचारलं, “धनी कोन होता बैलाचा, तेवढं नाव सांगू नकू बाई मोठ्यानं.”