एकाच हाताचे 138 आणि 212

बाजाराच्या दिवशी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी दुपारपर्यंत हटत नाही. त्या गर्दीत सत्तरीचे एक तात्या गुडघ्यांसाठी गोळी मागायला आले. बीपीचं विचारलं, तर खिशातून शिबिराचं कार्ड काढलं. 138/86. "नॉर्मल हाय म्हनले की, डाक्टर!"

इंटर्नने पट्टा बांधला, स्टेथो लावला, 160पर्यंत हवा भरली. आवाज नाही. हळूहळू हवा सोडली. "सर, 138/86." कार्डाशी जुळलं म्हणून गडी खूश.

मी सहज तात्यांचं मनगट धरलं होतं. काटा 160वर असताना बोटाखाली नाडी चक्क उडत होती! हाताचा रक्तप्रवाह बंद झालेलाच नव्हता, मग स्टेथोत शांतता कसली?

"परत भर. आता स्टेथो नको, नाडीवर बोट ठेव." 180, 200, तरी ठोके चालूच. 210च्या आसपास नाडी गेली. हवा पूर्ण सोडून मिनिटभर थांबलो, मग 240पर्यंत भरून स्टेथो लावला. सेकंदाला दोन मिलिमीटरच्या बेताने सोडत गेलो. पहिला ठोका 212ला. 178ला आवाज गडप. 138ला परत सुरू, 86ला बंद.

रोहिण्या ताठरलेल्या वयस्कर माणसांत असा मधला मुका टप्पा सापडतो. शिबिरातही पट्ट्यात हवा बहुधा त्या टप्प्यापर्यंतच भरली असणार. वाचलेलं सगळ्यांनीच असतं. रांग दाराबाहेर गेली की नाडी बघायचं अर्धं मिनिट आधी कापलं जातं.

तात्यांना पाच मिनिटं गप्प बसवलं, हात टेबलावर टेकवला. 206. दुसऱ्या हातातही तेवढंच. छातीत दुखणं, धाप, तोल जाणं काही नाही. एरवी दोन वेगवेगळ्या दिवशी 140/90च्या वर आल्याशिवाय मी निदान लिहीत नाही. या आकड्याला थांबलो नाही. चौकशीत कळलं, मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक, म्हणजे दुखण्याची गोळी, रोज दोन वेळा चालू होती. तीही बीपी चढवते. ती बंद करून पॅरासिटामॉल दिली, बीपीची अ‍ॅम्लोडिपिन सुरू केली, किडनीसाठी लघवी आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला पाठवलं.

"म्हंजी गुडघ्याला आलो आन् बीपीची गोळी घिऊन चाललो," तात्या कुरकुरले.

शिबिराची यादी आशाताईंकडे होती. साठीपुढची नावं काढून त्यांना फेरतपासणीला बोलवायला सांगितलं. नाडी बघायचं काम इंटर्नकडे.