परदेशातून घरी फोन करायचाय? आधी घरचा फोन हातात घ्या

पुढच्या आठवड्यात परत निघायचंय, बॅग अजून उघडलेलीसुद्धा नाही, पण काल संध्याकाळी मी तासभर आईचा फोन घेऊन बसले होते. प्रवासाची माझी पहिली तयारी आता हीच असते. परदेशातून स्वस्तात फोन कसा करायचा असं कुणी विचारलं की सगळे लगेच कुठलं सिम घ्यायचं ते सांगायला लागतात, पण एवढ्या वेळा जाऊन आल्यावर माझं तर पक्कं मत झालंय की कॉल फुकट होणार की पैसे पडणार हे घरी जो फोन वाजणार आहे तोच ठरवतो.

म्हणजे बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजाचे कॉल २०१५ ला आले, व्हिडिओ २०१६ ला, आता त्याला आपण फुकट म्हणतो, पण ते फुकट तेव्हाच जेव्हा दोन्हीकडे नेट चालू आहे, दोन्हीकडे तेच अ‍ॅप आहे आणि समोरच्या फोनची रिंग खरंच वाजते. आईच्या फोनची वाजायचीच नाही! कारण शोधायला मला दोन प्रवास लागले. अँड्रॉइडवर बॅटरी वाचवायची सेटिंग असते ना, ती बराच वेळ न उघडलेल्या अ‍ॅपला मागच्या मागे झोपवून टाकते, मग आपण इकडून कॉल करतोय करतोय आणि तिकडे शुकशुकाट, आणि आपल्या डोक्यात नको नको ते विचार. त्यामुळे आता व्हॉट्सअ‍ॅपला बॅटरीच्या सेटिंगमधून सूट देते, नोटिफिकेशन चालू आहेत ना बघते, माझा नंबर अधिकचं चिन्ह आणि देशाचा कोड लावून सेव्ह करते, माझ्या चॅटचा शॉर्टकट होम स्क्रीनवर आणून ठेवते आणि अ‍ॅपमध्येच "कॉलसाठी कमी डेटा" अशी सेटिंग आहे तीही ऑन करते. मग दुसऱ्या खोलीत जाऊन कॉल लावून बघायचा आणि तो आईनेच उचलायचा, मी हात लावायचा नाही. हे किमान तीनदा. कंटाळवाणं वाटतं पण परक्या गावात रात्री अकरा वाजता "आई, हिरवं बटण वर सरकव" हे सांगायचं कसं, कॉलच लागलेला नसतो!

आता माझ्या फोनचं. पहिल्या प्रवासात मी घरचंच सिम रोमिंग (म्हणजे परदेशातल्या नेटवर्कवर आपलंच सिम वापरायची सोय) चालू ठेवून नेलं होतं आणि महाग पडेल म्हणून एकही कॉल उचलला नाही, तरी बिल आलं. कंपनीशी भांडले तेव्हा कळलं की न उचललेला कॉल व्हॉइसमेलवर, म्हणजे निरोप रेकॉर्ड करून ठेवणाऱ्या सेवेवर, फॉरवर्ड होत होता. कॉल आधी माझ्यामागे परदेशात आला, त्याचे पैसे, आणि तिथून व्हॉइसमेलसाठी परत घरच्या नेटवर्कवर गेला, त्याचे वेगळे पैसे. निघण्यापूर्वी हे कुणीतरी सांगायला हवं होतं असं मला आजही वाटतं, म्हणून मी सांगते, निघायच्या आधी घरच्या नेटवर्कवर असतानाच ##००२# डायल करा, सगळी फॉरवर्डिंग निघून जातात. आणि डेटा रोमिंग बंद. सिम मात्र काढून टाकू नका, बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो, फक्त येणाऱ्या एसएमएसला पैसे पडतात का ते कंपनीला आधी विचारून घ्या.

नेटसाठी मी ई-सिम घेते, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच डाउनलोड होणारं सिम. ते घरच्या वायफायवरच टाकून ठेवायचं कारण ते टाकायलाच नेट लागतं, आणि फोन एका कंपनीला लॉक केलेला, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम न घेणारा असेल तर चालतच नाही. प्रवासाच्या बऱ्याचशा ई-सिमना फोन नंबर नसतो, नुसता डेटा असतो, पण त्याने बिघडत काही नाही, व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर चालत राहतं. नवीन सिम दिसल्यावर नंबर बदलला का असं अ‍ॅपने विचारलंच तर नाही म्हणा. आवाजाच्या कॉलला मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी जातो, म्हणजे रोज अर्धा तास बोललं तरी छोटा पॅक पुरतो, व्हिडिओला मात्र त्याच्या कितीतरी पट, तो हॉटेलच्या वायफायवरच करा.

वायफाय कॉलिंग हा प्रकार लोक विसरतात. एअरप्लेन मोड लावायचा, मग फक्त वायफाय चालू करायचं, आणि घरच्याच नंबरवरून साधा कॉल लावायचा. काही कंपन्या तो घरून केलेल्या कॉलसारखा धरतात, काही परदेशातून तो चालूच देत नाहीत, त्यामुळे आधी विचारा.

देश कुठला तेही बघावं लागतं. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जातात पण कॉल अडवलेले असतात, तिथे बोटिमसारखं परवानगी असलेलं अ‍ॅप लागतं. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपच बंद, वीचॅट चालतं. आणि ही अ‍ॅप घरच्या फोनवरही आधीच टाकलेली पाहिजेत, तिथे पोचल्यावर फोनवरून कुणाला अ‍ॅप टाकायला शिकवणं फार अवघड!

घरी साधा बटणांचा फोन किंवा लँडलाइनच असेल तर पूर्ण फुकट विसरा. कॉल नेटवरून त्या देशापर्यंत स्वस्तात पोचतो, पण शेवटचा टप्पा तिथल्या फोन कंपनीच्या लाइनवरून जातो आणि ती कंपनी त्याचे पैसे घेतेच. तरी रोमिंगपेक्षा हे खूपच परवडतं. पूर्वी मी यासाठी स्काइप वापरायचे, २००३ पासून असलेलं स्काइप ५ मे २०२५ ला बंद झालं, आता व्हायबर आउटसारख्या सेवांमध्ये थोडे पैसे भरून ठेवायचे. ज्यांच्या आजी-आजोबांकडे फक्त लँडलाइन आहे त्यांनी हा खर्च खुशाल करावा, ती दहा मिनिटं त्यांच्यासाठी फार मोठी असतात.

जहाजाने जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, बोट किनाऱ्यापासून लांब गेली की फोन आपोआप बोटीच्या सॅटेलाइटवाल्या नेटवर्कला चिकटू शकतो आणि ते प्रचंड महाग असतं. बोटीवर चढताना एअरप्लेन मोड.

राहिली वेळ. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, युरोपात मार्चच्या शेवटच्या, आणि परत मागे येतात ते युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तर अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या. घरी घड्याळ बदलत नसेल तर मधेच फरक एका तासाने सरकतो आणि घरचं माणूस तासभर फोन हातात घेऊन बसून राहतं. आईच्या बाबतीत हे झालंय आणि मला ते अजून टोचतं, म्हणून या वेळी आमची वेळ तिच्या घड्याळाने ठरवलीये, संध्याकाळी सात, इकडे काहीही वाजलेले असोत, आणि कॉल मीच लावणार.