पन्हाळ्याच्या वाटेसाठी दिवा निवडताना

गेल्या हिवाळ्यात पहाटे पाचला रंकाळ्यावरून निघून सायकलने पन्हाळा गाठायचा नेम मी धरला, तेव्हा माझ्याकडे ऑनलाइन मागवलेला एक स्वस्त दिवा होता, ज्याच्या खोक्यावर २००० लुमेन (उजेडाचे माप) आणि ९८०० एमएएच (सेलची साठवण) असे भरघोस आकडे छापलेले होते. शिवाजी पूल आणि केर्ली मागे पडेपर्यंत त्याने साथ दिली. वाघबीळच्या अलीकडे मात्र तो मिणमिणू लागला आणि पुढे चाललेली उसाची ट्रॉली, जिला मागे लाल दिवा सोडाच, साधा रिफ्लेक्टरही नव्हता, मला अगदी दहा-बारा हातांवर आल्यावर दिसली. राहिलेला अंधार मी सायकल ढकलत काढला.

घरी येऊन दिवा उघडला, तर आत १८६५० मापाचा एकच सेल निघाला. या मापाचा चांगला सेलही साधारण ३५०० एमएएचच्या पुढे जात नाही, म्हणजे खोक्यावरचा आकडा उघड थाप होती. मग मी स्वतःच हिशेब मांडला: अशा एका सेलचे ३००० एमएएच आणि ३.६ व्होल्ट धरले, तर साठवलेली वीज सुमारे ११ वॅट-तास. एका वॅटला १०० लुमेन धरले तर ४०० लुमेनला ४ वॅट लागतात आणि दिवा अडीच तासांच्या आसपास चालतो. उजाडेपर्यंत मला पावणेदोन तास पुरणारा उजेड हवा होता, त्यामुळे ४०० लुमेन मला पुरेसे होते.

दुकानात गेल्यावर मी मागच्या अंधाऱ्या खोलीत एकेक दिवा भिंतीवर पाडून पाहण्याची परवानगी मागितली. बहुतेकांचा झोत बॅटरीसारखा गोल पडत होता. त्यातला निम्मा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो, हे डिपर मारून शिव्या घालणाऱ्या दूधवाल्यांनी मला आधीच शिकवले होते. एका दिव्याचा झोत मात्र वरच्या बाजूला सुरीने कापल्यासारखा सपाट होता. जर्मनीत सायकलच्या दिव्याने समोरच्याचे डोळे दिपू नयेत असा नियमच असल्याने तिथले दिवे असे बनतात. "सर, ह्यो चारशे लुमेनचाच हाय, हजाराचा घ्या की!" असे दुकानदार म्हणत राहिला, पण मी तोच घेतला. रस्त्यावर झुकलेल्या फांद्या त्यात दिसत नाहीत, हा दोष मान्य करायला हवा.

दिवा बसवायचा पट्टा माझ्या ३१.८ मिमी जाड हँडलवर घट्ट बसतो ना, हेही तिथेच पाहिले. मागचा दिवा निवडायला वेळ लागला नाही: स्थिर लाल उजेड देणारा, कारण नुसत्या लुकलुकणाऱ्या दिव्यावरून अंतराचा अंदाज येत नाही, असे मला स्वतःला इतरांच्या मागे चालवताना जाणवले आहे.

पहिल्या दिवशी झोत इतका खाली लावला होता की चाकापुढचे चार हातच उजळत होते. दोन-तीन फेऱ्यांत नेमका कोन सापडल्यावर मी हँडलवर आणि पट्ट्यावर पांढऱ्या रंगाची जुळती रेघ ओढली. आता चार्जिंगसाठी काढलेला दिवा अंधारातही त्या रेघेवर नीट बसतो.